संगणकाचा बाहू : भार आणि तोल यांची कथा

लिहिण्यावाचण्याचें काम ज्या घरीं चालतें, त्या घरांतील टेबलाकडे पाहिलें असतां एक गोष्ट बहुधा दृष्टीस पडते. संगणकाचा पडदा टेबलावर मांडलेला असतो आणि त्याच्या पायाखालीं दोनतीन जाडजूड ग्रंथ घातलेले असतात. कोठें जुना शब्दकोश असतो, कोठें कायद्याचीं जुनीं पुस्तकें असतात. पडदा डोळ्यांच्या पातळीला यावा म्हणून ही योजना केलेली असते. ती एका माणसापुरती ठीक होय; परंतु सकाळीं त्या टेबलाशीं गृहस्थ बसतो, दुपारीं त्याची शाळकरी मुलगी बसते आणि रात्रीं दुहेरी भिंगांचा चष्मा लावणारे आजोबा बसतात. तिघांच्या डोळ्यांची उंची तीन प्रकारची. ग्रंथांची चळत मात्र एकच. अशा वेळीं ज्याची दृष्टि पडद्याशीं जुळत नाहीं, तो आपली मान वाकवून ती जुळवून घेतो, आणि त्याचें मोल संध्याकाळीं त्या मानेलाच द्यावें लागतें.

माणसानें पडद्याकडे न जातां पडद्यानेंच माणसाकडे यावें, ही सोय करणारें साधन म्हणजे मॉनिटर आर्म, अर्थात् पडद्याला धरून ठेवणारा बाहू. हा बाहू विकणारा त्याच्या मजबुतीची ग्वाही देतो आणि घेणाराही बहुधा मजबुतीच तेवढी पाहतो. संगणक जड असेल तर जितका बळकट बाहू तितका चांगला, असा सामान्य समज आहे. परंतु या साधनाचा जन्म कसा झाला आणि तें टेबलावरील संगणकापर्यंत कसें येऊन पोहोंचलें, हें पाहिलें म्हणजे असें दिसून येतें कीं, बाहूचा खरा गुण बळ हा नसून तोल हा आहे. बळ आणि तोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि त्यांतील भेद न ओळखल्यामुळेंच पुष्कळांचे पैसे वायां जातात.

भाराला भारानें तोलण्याची युक्ति मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. कोकणांत आणि गोव्यांत विहिरीवर जी लाट बसवीत, ती या युक्तीचें उत्तम उदाहरण होय. आडव्या वाशाच्या एका टोंकाला पाण्याचें भांडें आणि दुसऱ्या टोंकाला दगड. मधला आंस पक्का असला म्हणजे भरलेलें भांडें वर आणण्यास माणसाला फारसे श्रम पडत नाहींत. दगड भांड्याहून अति जड असला, तर भांडें खालीं नेतांनाच दम लागतो. हलका असला, तर वर आणतांना लागतो. दगड किती मोठा आहे यापेक्षां तो भांड्याला अनुरूप आहे कीं नाहीं, हाच तेथें प्रश्न असतो.

टेबलावरच्या दिव्याला हीच युक्ति लावण्याचे प्रयोग विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत झाले. १९२७ सालीं फ्रान्समध्यें एदुआर-विल्फ्रिद बुके यानें अशा एका दिव्याचें पेटंट घेतलें. त्याच्या दांड्यांच्या मागील टोंकांना वजनें लावलेलीं होतीं व त्यामुळें दिवा हव्या त्या स्थितींत स्थिर राहत असे. दिवा सुंदर होता. परंतु या पद्धतींत एक अडचण मूळचीच आहे. पुढें जेवढा भार, त्याच्या तोलाचा दुसरा भार मागें बाळगावा लागतो. वस्तु जड झाली कीं तिला तोलणारें वजनही जड होतें, आणि तीं दोन्ही वागवणारा आंस व पाया त्याहूनही जड करावे लागतात. लाटेला विहिरीचा कांठ मोकळा मिळतो. टेबलावर तितकी जागा मिळत नाहीं.

ही अडचण दूर करणारा मनुष्य दिव्यांच्या धंद्यांतील नव्हता. इंग्लंडांतील बाथ या शहरांत जॉर्ज कारवर्डाइन नांवाचा एक यंत्रज्ञ राहत असे. हॉर्स्टमन या मोटारगाड्यांच्या कारखान्यांत त्यानें काम केलें होतें आणि गाड्यांना धक्के बसूं नयेत म्हणून ज्या स्प्रिंगा लावतात, त्यांची रचना हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. वजनाऐवजीं स्प्रिंगेनें भार तोलावा, आणि तोही कोणत्याही एका स्थितींत नव्हे तर प्रत्येक स्थितींत, असा प्रश्न त्यानें हातीं घेतला. मनुष्याचा हात स्नायूंच्या ताणानें जसा पाहिजे तेथें थांबतो, तसा यंत्राचा हात थांबावा, ही कल्पना त्याच्यापुढें होती असें सांगतात. १९३२ सालीं त्यानें या शोधाच्या पेटंटासाठीं अर्ज केला.

प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. दांड्याच्या टोंकाला भार लावून दांडा आडवा धरला म्हणजे भाराची ओढ सर्वांत अधिक भासते. दांडा जसजसा उभा करावा, तसतशी ती ओढ कमी होत जाते. आणि तो सरळ उभा राहिला कीं ती नाहींशीच होते. साधी स्प्रिंग बांधली तर ती एकाच जागीं भाराशीं बरोबरी करील. त्या जागेच्या वर तिचा जोर उणा पडेल किंवा खालीं अधिक होईल. यावर उपाय असा निघाला कीं, स्प्रिंगेचें एक टोंक दांड्याच्या सांध्याच्या सरळ वर किंवा खालीं बांधावें व दुसरें दांड्यावर बांधावें, आणि स्प्रिंग अशी योजावी कीं तिचा ताण तिच्या सर्व लांबीच्या प्रमाणांत असावा. असें केलें म्हणजे एक नवल घडतें. दांडा जसजसा फिरतो, तसतशी स्प्रिंगेची ओढ ज्या प्रमाणांत बदलते, अगदीं त्याच प्रमाणांत भाराचीही ओढ बदलते. दोघींचा हिशेब एकदां जुळला कीं तो वर, खालीं, मध्यें, सर्वत्र जुळलेलाच राहतो. मग दांडा जेथें सोडावा तेथें उभा राहतो. त्याला पेंच आवळण्याची किंवा खुंटी मारण्याची गरज राहत नाहीं.

योगायोग असा कीं, त्याच १९३२ सालीं अमेरिकेंत टेक्सास विद्यापीठाच्या लूशियन लाकोस्ट या विद्यार्थ्यानें निराळ्याच कामासाठीं अशा स्प्रिंगेचा विचार केला. त्याचे अध्यापक आर्नल्ड रॉम्बर्ग यांनीं त्याला भूकंपांतील उभ्या हालचाली टिपणारें यंत्र योजण्यास सांगितलें होतें. जणूं मूळची लांबी शून्य आहे अशा रीतीनें वागणारी स्प्रिंग त्यानें योजली, आणि पुढें या गुरुशिष्यांच्या नांवानें निघालेलीं गुरुत्वाकर्षण मोजण्याचीं यंत्रें भूगर्भशास्त्रज्ञांच्या नित्य वापरांत आलीं. पृथ्वीच्या ओढीतील अत्यंत सूक्ष्म फरक दाखविणारें यंत्र आणि टेबलावरचा दिवा यांच्या मुळाशीं एकच तत्त्व असावें, ही गोष्ट मोठी मनोरंजक आहे.

कारवर्डाइनचा दिवा बाजारांत आणला तो रेडिच येथील हर्बर्ट टेरी अँड सन्स या कारखान्यानें. हा कारखाना १८५५ पासूनचा, आणि स्प्रिंगा करणें हाच त्याचा धंदा. दिव्याला समतोल या अर्थाचें 'इक्विपॉइज' हें नांव द्यावयाचें होतें. परंतु तो शब्द भाषेंत रूढच असल्यामुळें त्याची नोंद होऊं शकली नाहीं आणि 'अँगलपॉइज' हें नवें नांव घडवावें लागलें. पहिल्या नमुन्यांत चार स्प्रिंगा होत्या. १९३५ सालीं घरगुती वापरासाठीं तीन स्प्रिंगांचा नमुना निघाला. १९३७ सालीं नॉर्वेंतील याक याकोबसेन यानें या दिव्याचे हक्क मिळवून 'लुक्सो' नांवाचा आपला दिवा काढला आणि तो देशोदेशीं पसरला. कारवर्डाइन १९४७ सालीं वारला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनीं, १९८६ सालीं, पिक्सार या संस्थेनें संगणकावर एक लहानसें चित्र तयार केलें. त्यांत उड्या मारणारा नायक म्हणजे लुक्सो दिवाच होता. अशा रीतीनें तोलाचा हात संगणकाच्या टेबलावर येण्याच्या बऱ्याच आधीं संगणकाच्या पडद्यावर येऊन गेला.

टेबलावर येण्यास त्याला विलंब लागला, त्याचें कारण वजन. दिव्याची टोपी म्हणजे पत्र्याचें हलकें टोपण; संगणकाचा पडदा म्हणजे त्या काळीं जाड कांचेची नळी. १९८४ चा मॅकिंटॉश नऊ इंचांच्या लहान पडद्याचा असूनही साडेसात किलो भरे. १९९८ चा रंगीत आयमॅक सुमारें १७ किलोंचा होता, आणि २००२ सालीं शाळांसाठीं निघालेला ईमॅक तर २२.७ किलोंपर्यंत गेला. एवढी वस्तु हातावर झेलण्यापेक्षां टेबलावर ठेवणें आणि तिच्याखालीं फिरता पाया देणें, हाच व्यवहार्य मार्ग होता. अमेरिकेंत मिनेसोटा राज्यांत १९८२ सालीं हॅरी स्वीअर यानें काढलेल्या एर्गोट्रॉन या कंपनीचा आरंभही पडद्याला पुढेंमागें कलविणाऱ्या अशाच पायापासून झाला.

पुढें चपटे पडदे आले आणि चित्र पालटलें. मात्र त्याबरोबर दुसरा एक प्रश्न उभा राहिला. प्रत्येक कारखाना आपल्या पडद्याच्या पाठीला आपल्या मर्जीप्रमाणें भोंकें पाडूं लागला, तर कोणताही बाहू कोणत्याही पडद्याला बसावयाचा कसा? या कामीं 'व्हेसा' या नांवानें ओळखली जाणारी कारखानदारांची संघटना उपयोगी पडली. ती १९८९ सालीं पडद्यांवरील चित्रांच्या मापांत एकवाक्यता आणण्यासाठीं स्थापन झाली होती. तिनें १९९७ सालीं पडदे बसविण्याचें पहिलें मान ठरविलें. पाठीवर चार भोंकें, त्यांचा चौकोन ७५ अथवा १०० मिलिमीटरांचा, त्यांत चार मिलिमीटर जाडीचे स्क्रू, आणि अशा बैठकीवर १४ किलोंपर्यंत भार. त्याहून मोठ्या पडद्यांसाठीं २०० गुणिले १०० मिलिमीटरांची बैठक असून तिची मर्यादा २२.७ किलोंची आहे. या चार भोंकांनीं जें काम केलें, तें रेल्वेच्या रुळांच्या ठराविक अंतरानें केलेल्या कामासारखेंच आहे.

जानेवारी २००२ मध्यें ॲपल कंपनीनें जो नवा आयमॅक दाखविला, त्यांत संगणक आणि तोलाचा हात यांची खरी गांठ पडली. संगणकाचा सर्व जड भाग अर्धगोलाकार पायांत कोंडलेला होता आणि त्यांतून निघालेल्या चकचकीत पोलादी दांड्यावर हलका चपटा पडदा तरंगत होता. बोटानें ढकलला कीं पडदा वर जाई, खालीं येई, आणि सोडला कीं तेथेंच थांबे. भार खालीं व पडदा वर अशी विभागणी केल्यामुळेंच हें साधलें होतें. पंधरा इंचांचा हा संगणक ९.७ किलोंचा होता. परंतु लोकांना मोठे पडदे हवे होते. २००३ च्या नोव्हेंबरांत वीस इंचांचा नमुना निघाला, तेव्हां पडद्याचा तोल सांभाळण्यासाठीं पायाही जड करावा लागून एकंदर वजन १८ किलोंच्या वर गेलें. पुढच्याच वर्षीं, ऑगस्ट २००४ मध्यें, हा मार्ग सोडून देण्यांत आला. नव्या आयमॅकमध्यें संपूर्ण संगणकच पडद्याच्या पाठीमागें बसविण्यांत आला आणि त्याला ॲल्युमिनियमचा साधा पाय देण्यांत आला. यंत्र नीटस झालें. परंतु पडदा वरखालीं करण्याची सोय गेली. ग्रंथांची चळत पुन्हा टेबलावर आली ती येथूनच.

आतां परिस्थिति उलटी झाली होती. पूर्वीं जड भाग पायांत होता आणि हाताला हलका पडदा उचलावयाचा होता. आतां सगळाच भार हाताच्या टोंकाशीं येऊन बसला. २००९ सालचा सत्तावीस इंचांचा आयमॅक पायासकट १३.८ किलोंचा होता. २०१२ सालीं तें वजन साडेनऊ किलोंपर्यंत उतरलें. २०२१ सालीं निघालेला चोवीस इंचांचा नमुना तर साडेचार किलोंहूनही हलका झाला. वजनाचे हे चढउतार डोळ्यांपुढें ठेवले म्हणजे बाहू निवडतांना चूक कोठें होते, हें सहज कळतें.

चूक होते ती अशी. बाहूवर सर्वांत अधिक किती वजन चालतें तेवढें पाहिलें जातें. सर्वांत कमी किती चालतें, हें कोणी पाहत नाहीं. बाहूच्या सांध्यापाशीं एक स्क्रू असतो. तो फिरविला कीं स्प्रिंगेचा जोर भारावर किती चालावा, तें प्रमाण बदलतें. लाटेवरील दगड बदलण्यासारखेंच हें काम होय. कांहीं बाहूंत पोलादी स्प्रिंगेऐवजीं दाबलेल्या वायूची नळी असते, तत्त्व तेंच. परंतु स्क्रूला फिरण्यास जागा ठराविकच असते, म्हणून प्रत्येक बाहूला वरची मर्यादा असते तशी खालचीही असते. एर्गोट्रॉनच्या 'एलएक्स' बाहूचा पल्ला ३.२ पासून ११.३ किलोंपर्यंत आहे. जड पडद्यांसाठीं केलेल्या 'एचएक्स' बाहूचा ९.१ पासून १९.१ किलोंपर्यंत. जुन्या तेरा किलोंच्या यंत्रासाठीं 'एचएक्स' योग्यच. परंतु तें यंत्र जाऊन साडेचार किलोंचें नवें आलें, तर तोच बळकट बाहू त्याला खालीं येऊंच देणार नाहीं. पडदा छताकडे चढूं लागेल आणि मालक बाहूला दोष देत राहील. याच्या उलट, दुबळ्या बाहूवर जड यंत्र टांगलें तर तें हळूहळू खालीं उतरतें आणि मान पुन्हा वाकते. म्हणून आपल्या यंत्राचा पाय काढल्यावर उरणारें वजन बाहूच्या पल्ल्याच्या मध्याजवळ यावें, हेंच इष्ट होय. यंत्राचें वजन बहुधा पायासकट दिलेलें असतें, हेंही ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट चार भोंकांची. सर्वच संगणकांच्या पाठीला तीं नसतात. आयमॅकच्या जुन्या नमुन्यांना पाय काढून वेगळी पट्टी बसवितां येत असे. अलीकडच्या नमुन्यांत पायाचा प्रकार हवा कीं भोंकांचा, हें खरेदीच्या वेळींच ठरवावें लागतें. बाहू आधीं आणि चौकशी मागाहून, असा क्रम ठेवणाऱ्याच्या पदरीं बाहू तेवढा पडतो.

तिसरी गोष्ट टेबलाची. दहा किलोंचा पडदा टेबलाच्या पकडीपासून ६० सेंटिमीटर पुढें ओढला आणि पकडीची बैठक १० सेंटिमीटर लांब असली, तर तरफेच्या नियमानें त्या बैठकीच्या कडेशीं फळ्यावर सुमारें ६० किलोंच्या वजनाइतका जोर येतो. सागवानी फळा तो सोसतो. लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला पातळ फळा हळूहळू दबतो, आणि कांचेच्या टेबलावर तर हा प्रयोग करूंच नये. पातळ फळ्याला वरखालीं पोलादी पत्रा देऊन जोर पसरवितां येतो. टेबलाचा पाय डुगडुगत असेल, तर उत्तम बाहूही टंकलेखनाच्या प्रत्येक ठोक्याला पडदा हलवील.

चौथी गोष्ट सावधगिरीची. भार असतांना जो बाहू शांत दिसतो, त्याच्या पोटांत तितकाच ताण सांठलेला असतो. पडदा खालीं असतांना तो काढून घेतला, तर मोकळा झालेला बाहू उसळून वर येतो आणि जवळच्या माणसाच्या तोंडावर बसतो. पडदा काढण्यापूर्वीं बाहू वरच्या टोंकाला न्यावा, आणि जड यंत्र असेल तर दोघांनीं मिळून काम करावें. लहान मुलांना त्या वेळीं दूर ठेवावें.

एवढें झाल्यावर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित् खालीं यावी, आणि अंतर साधारण लांब केलेल्या हाताइतकें असावें. दुहेरी भिंगें वापरणाऱ्यांनीं पडदा आणखी खालीं घ्यावा. नाहींतर खालच्या भिंगांतून पाहण्यासाठीं हनुवटी वर करावी लागते. बाहू नीट तोलला असेल, तर सकाळीं गृहस्थानें ठेवलेला पडदा दुपारीं मुलगी एका हातानें खालीं ओढते आणि रात्रीं आजोबा आपल्यापुरता जुळवून घेतात. कोणालाही कोणाला हाक मारावी लागत नाहीं.

कारवर्डाइननें स्प्रिंगेला भाराशीं झुंजायला लावलें नाहीं. भार जेवढा असेल तेवढेंच तिनें द्यावें, अधिक नाहीं आणि उणेंही नाहीं, एवढीच योजना त्यानें केली. लाटेच्या दगडाचें गुपितही तेंच होतें. म्हणून जड संगणकासाठीं बाहू शोधणाऱ्या गृहस्थानें दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं आपल्या यंत्राचें वजन करावें, पाठीवरचीं भोंकें मोजावीं आणि टेबलाचा फळा तपासून पाहावा. बाहू त्यानंतर निवडावा. आणि शब्दकोश पुन्हा वाचण्याच्या कामीं लावावा.